बदलता भूवापर आणि रस्त्याचा हिशेब



ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने आपल्याला नकाशा वाचावयास शिकविले. आज मी ज्या नकाशाविषयी बोलणार आहे तो शालेय पुस्तकात नसतो. नगररचना खात्याच्या विकास आराखड्यात प्रत्येक जमिनीला एक रंग दिलेला असतो. शेती हिरवी, निवास पिवळा, उद्योग जांभळा आणि व्यापार निळा. एखाद्या शेताचा रंग हिरव्याचा निळा किंवा जांभळा झाला की त्याची किंमत एका रात्रीत वाढते, हे आपणांस कोणी सांगावयास नको. मात्र त्याच रात्री शेताजवळून जाणाऱ्या रस्त्यावरचा भारही वाढलेला असतो, आणि त्या वाढीची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही. हा न नोंदलेला भार कसा मोजावा आणि तो अखेर कोणाच्या माथी येतो, हा आजचा विषय आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वी आठ क्रमांकाचा होता आणि आता ४८ क्रमांकाचा आहे, तो येथून जातो. हजिरा बंदराकडून सचिन, पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड असा निघून नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग, म्हणजे जुना सहा क्रमांकाचा, त्याला येथेच भेटतो. खानदेशातून आलेल्या आपल्यातील बहुतेक कुटुंबांना ही वाट पाठ आहे. आजोबा ताप्ती व्हॅली रेल्वेने उधन्यास उतरले असतील, पण वडील आणि आपण याच रस्त्याने एस.टी.ने ये-जा केली. तालुका मुळात उसाचा. चलथाणचा सहकारी साखर कारखाना त्या उसावर उभा राहिला, आणि ऊसतोडीसाठी नंदुरबार-धुळ्याकडून व डांगातून कोयत्याच्या टोळ्या येत आल्या. पुढे सुरतेतील कापडाचा व्यवसाय शहरात मावेना. रंगाई-छपाईच्या गिरण्या कडोदरा, जोळवा, तांतीथैया, पलसाणा या पट्ट्यात पसरल्या. त्यांच्यापाठोपाठ गोदामे, वाहतूकदारांची कार्यालये, हॉटेले, पेट्रोलपंप आणि दुकानांचे गाळे आले. सचिनला औद्योगिक वसाहत आखून झाली होती. या पट्ट्यातील पुष्कळसे बांधकाम मात्र एकेका शेताची बिनखेती परवानगी घेऊन उभे राहिले.

हा फरक महत्त्वाचा आहे. वसाहत आखताना आधी रस्ता काढतात, मग भूखंड पाडतात. एकेक शेत बदलते तेव्हा रस्ता तोच राहतो, जो बैलगाडीसाठी काढलेला होता. प्रत्येक अर्जाचा विचार स्वतंत्र होतो. एका अर्जाने रस्त्यावर फारसा फरक पडत नाही, हे म्हणणे खरेच असते. पन्नासाव्या अर्जाच्या वेळीही ते तितकेच खरे असते. पन्नास अर्जांची बेरीज करण्याचे काम मात्र कोणत्याही एका फाइलचे नसते.

ती बेरीज आपण थोडी करून पाहू. पुढील आकडे मोजणीचे नाहीत, समजुतीसाठी धरलेले आहेत, हे ध्यानात ठेवावे. एक एकर उसातून वर्षाला तीस टन ऊस निघतो असे धरू. ट्रॅक्टरच्या तीन-चार खेपांत तो कारखान्यावर जातो. आता त्याच एकरावर एक गोदाम आले आणि तेथे रोज दहा ट्रक येऊ लागले. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी तीन हजार ट्रक आले आणि तीन हजार गेले. गर्दी मोजण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने प्रत्येक वाहनास एक गुणांक दिला आहे. मोटार एक, स्कूटर अर्धा, ट्रक तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, आणि मोठी बैलगाडी चक्क आठ, कारण ती सावकाश चालते आणि मागच्यांना अडवते. या हिशेबाने उसाचे एकर वर्षाला जेमतेम छत्तीस एकके रस्त्यावर टाकते आणि गोदामाचे एकर अठरा हजार. पाचशे पट! त्याच जागी दुकानांचे संकुल आले, रोज चारशे गिऱ्हाइके बहुतांशी स्कूटरवरून आली, तर एकके वर्षाला सव्वा लाखाच्या घरात जातात.

मग दुकाने वाईट आणि गोदाम बरे, असे म्हणावयाचे काय? येथेच बहुतेक चर्चा घसरते. रस्त्यावर दोन निरनिराळे भार पडतात. एक गर्दीचा आणि दुसरा झिजेचा. दुकान रस्ता भरते, ट्रक रस्ता फोडतो. पहिल्यावर उपाय रुंदीचा असतो, दुसऱ्यावर जाडीचा, आणि दोन्हींचा खर्च वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रीतीने येतो.

झिजेचे गणित सामान्य बुद्धीला चकविणारे आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून असे दिसले की रस्त्याची झीज ही आसावरील भाराच्या प्रमाणात वाढत नाही, तर साधारणतः त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला की झीज सोळापट होते. आपल्याकडील रस्त्यांच्या जाडीचे नियम याच तत्त्वावर बेतलेले आहेत. ८.१६ टनांचा आस हे माप धरले, तर १०.२ टनांचा आस त्याच्या सुमारे अडीचपट झीज करतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या प्रकारच्या आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. भार तेरा टक्क्यांनी वाढला, पण चौथ्या घाताने पाहिले तर झीज बासष्ट टक्क्यांनी वाढली. उलट मोटारीच्या एका आसावर पाऊण टनाच्या आसपास वजन असते. एका भरलेल्या ट्रकच्या मागच्या आसाइतकी झीज करण्यास असे तीस हजारांहून अधिक आस लागतील. स्कूटरवाल्या गिऱ्हाइकाने रस्ता खराब केला, असे कोणी म्हणू नये.

आता आपल्या दहा ट्रकांच्या गोदामाकडे परत येऊ. भरलेल्या दोन-आसी ट्रकची एक खेप म्हणजे सुमारे सव्वातीन प्रमाणित आस. वर्षाला एका गोदामाचे साडेनऊ हजार. एकाच गावरस्त्यावर अशी वीस गोदामे झाली की दोन लाखांजवळ. तो रस्ता दहा वर्षांत पाच लाख प्रमाणित आस सोसेल अशा बेताने बांधला असेल, तर तो तिसऱ्या वर्षातच संपतो. कंत्राटदाराने डांबर कमी घातले असेलही, पण त्याने प्रामाणिकपणे काम केले असते तरी तो रस्ता टिकला नसता. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिजल्यावर तिची भार पेलण्याची शक्ती फारच थोडी उरते. उसाला जी माती वरदान, तीच रस्त्याला शाप. अशा जमिनीवर जड वाहतुकीचा रस्ता करावयाचा तर खाली मुरमाचा किंवा चुन्याने स्थिर केलेल्या मातीचा थर, वर खडीचे थर आणि बाजूस पाण्याचा निचरा, एवढे सर्व लागते. गावरस्त्याच्या अंदाजपत्रकात हे कधीच नसते.

महामार्गालगतची गोष्ट आणखी वेगळी. तेथे जाडी असते, रुंदीही असते. सुरत ते दहिसर हा २३९ किलोमीटरचा भाग सहापदरी करण्याचे काम २००९ पासून खाजगी सवलतदाराकडून, टोलच्या बोलीवर झाले. परंतु महामार्गाचा वेग त्याच्या पदरांपेक्षा त्याच्या काठावर अवलंबून असतो. प्रत्येक दार, प्रत्येक फाटा म्हणजे वाहनांचे मार्ग एकमेकांस छेदण्याची नवी जागा. वाहतूकशास्त्रात दोन साध्या रस्त्यांच्या चौफुलीवर असे ३२ संघर्षबिंदू मोजतात आणि तिठ्यावर ९. काठावर दुकाने आली की तिठ्यांची माळच लागते. मग सेवारस्ता हवा असतो, मग दुभाजक बंद करावे लागतात, मग लोकांना ओलांडण्यास भुयारी मार्ग हवा, आणि शेवटी स्थानिक गर्दीच्या डोक्यावरून लांबची वाहतूक नेण्यासाठी उड्डाणपूल. वळणरस्ता काढला तर दहा वर्षांत त्याच्याही काठावर निळा रंग चढतो. हा रोग जुना आहे. इंग्लंडने त्यासाठी १९३५ मध्येच कायदा केला. आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५५ चा महामार्ग अधिनियम आहे, जो महाराष्ट्र आणि गुजरात या दोघांनाही वारशाने मिळाला. त्यात इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा आखण्याची तरतूद आहे. मोकळ्या सपाट प्रदेशात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून चाळीस मीटरपर्यंत बांधकाम नसावे आणि पंचाहत्तर मीटरपर्यंतचे नियंत्रित असावे, असा रोड्स काँग्रेसचा संकेत आहे. राष्ट्रीय महामार्गाला दार काढण्यासाठी परवानगी घेण्याचा केंद्राचा कायदा २००२ मध्ये आला. कायद्यांची उणीव नाही. आपण कोणत्याही महामार्गावरील ढाब्यासमोर उभे राहून पावले मोजावीत.

आता पैशाकडे वळू, कारण गाठ तेथे आहे. जमीन बिनखेती होताना रूपांतर कर भरला जातो, तो राज्याकडे, आणि एकदाच. जमिनीची वाढलेली किंमत मालकाच्या पदरी पडते. ट्रक ज्या रस्त्याने येतो तो गावरस्ता जिल्हा पंचायतीचा असतो, पुढचा रस्ता राज्याच्या मार्ग-मकान खात्याचा, आणि महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाचा. नगरपालिकेला मालमत्ता कर मिळतो, पण जकात नाही. गुजरातेत महानगरपालिकांची जकातही २००७ मध्ये गेली. वाहतूक वाढली की स्थानिक संस्थेचे उत्पन्न आपोआप वाढावे, असा जो एक ओबडधोबड दुवा होता तोही तुटला. जकात नाक्यांवरील रांगांची मला मुळीच आठवण येत नाही, तरी त्या दुव्याची उणीव भासते. लाभ एकरकमी आणि खाजगी, खर्च वार्षिक आणि सार्वजनिक, आणि दोघांच्या वह्या निरनिराळ्या कचेऱ्यांत. परवानगी देणाऱ्या टेबलास रस्त्याचे बिल कधी येत नाही.

हे केवळ पैशाचे प्रकरण असते तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. मुंबईचे गिरणगाव आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. तेथे ५८ गिरण्या आणि सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा अन्य वापर खुला केला. स्थूलमानाने एक तृतीयांश जागा महापालिकेस मोकळ्या मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकास, अशी ती वाटणी होती. १९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचे सांगणे असे होते की, या जमिनी सुट्या सुट्या न पाहता एकत्र आखाव्यात. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही लगतची स्थानके जोडणारी प्रशस्त मोकळी जागाही त्या आखणीत होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. जुन्या बांधकामाखालची जमीन तीतून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला.

या व्यवहाराची चर्चा बहुधा घरे आणि मैदाने यांच्या अंगाने झाली, आणि ती योग्यच होती. रस्त्याच्या अंगाने मात्र एक गोष्ट कमी बोलली गेली. गिरणीत अडीच लाख माणसे काम करीत होती, मग कचेऱ्यांत तेवढी आली तर बिघडले कोठे, असा प्रश्न विचारला जाई. कामगार चाळीत राहत असे आणि पाळीचा भोंगा झाला की पायी गिरणीत जात असे. त्या पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेले अरुंद रस्ते आणि अरुंद जिने होते. त्या जागी आलेल्या कचेऱ्यांचा नोकरवर्ग विरार, कल्याण, पनवेलहून येतो, आणि ज्याला परवडते तो मोटारीने. रोजगाराची संख्या तीच असली तरी फेऱ्यांची लांबी आणि वाहन पार बदलले. सेनापती बापट मार्ग तेवढाच राहिला, रेल्वेवरचे पूल तेवढेच राहिले.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. गर्दीचे कारण एकच नव्हते. पाऊस होता, अफवा होती, रेल्वेची दिरंगाई होती. परंतु ज्या वेळी निळा रंग चढला त्याच वेळी नकाशावर तो जिना रुंद झाला नाही, हेही त्या कारणांत आहे. नवा पादचारी पूल शेवटी लष्कराच्या अभियंत्यांनी बांधला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. जमिनीचा नफा एका वहीत, जिन्याचा खर्च भलत्याच वहीत, याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. त्याच वर्षी जुलैत लोअर परळचा डिलाइल रोडवरील जुना पूल धोकादायक म्हणून बंद झाला. त्याचे वय झाले होते, दोष व्यापाराचा नव्हता. पण नवा पूल पूर्णपणे खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडला, आणि मधल्या पाच वर्षांत त्या परिसराला दुसरी वाट नाही हे सर्वांना कळले.

त्याच शहरात उलट उदाहरणही आहे. वांद्रे-कुर्ला संकुलाची जमीन प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ताब्यात होती. भूखंड भाडेपट्ट्याने देताना मिळालेले अधिमूल्य त्याच प्राधिकरणाकडे आले आणि त्यातून रस्ते व पूल झाले. तेथे कोंडी होत नाही असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी सहा वाजता तेथून निघालेल्या माणसाला हसू येईल. पण लाभ आणि खर्च एकाच वहीत होते.

जमीन खाजगी असताना हे साधता येते काय? येते, आणि त्याचे साधन आपल्याच मुंबई इलाख्याने १९१५ च्या नगररचना अधिनियमात घडविले. त्याचे नाव नगररचना योजना, सुरतेच्या बोलीत नुसते टी.पी. पुष्कळ मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करावयाच्या, त्यातून रस्ते, मैदाने, शाळा यांची जागा काढावयाची, आणि उरलेली जमीन नीट आकाराचे भूखंड करून मूळ मालकांस परत द्यावयाची. भूखंड लहान होतो, पण दरवाजाशी रस्ता आल्याने त्याचे मोल वाढते. त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत सुधार-आकार घेण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने १९६६ च्या कायद्यात हे साधन ठेवले आणि पुढे बहुतांशी खुंटीला टांगले. गुजरातने १९७६ च्या कायद्याने ते वापरात ठेवले, आणि सुरत व अहमदाबाद येथे त्याचा सराव अखंड राहिला. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल वर्तुळमार्ग अशा योजनांतून जागा मिळवून झाला. मराठी माणसाने गुजराती शेजाऱ्याकडून काय घ्यावे, असे कोणी विचारले तर मी ढोकळ्याच्या आधी टी.पी.चे नाव घेईन. मर्यादा एवढीच, की योजना कारखान्याच्या आधी यावी लागते. इमारती उभ्या राहिल्यावर आलेल्या योजनेस रस्त्याची रेषा भिंतींमधून काढावी लागते, आणि मग रेषा वाकते. सुधार-आकाराची रक्कमही जुन्या दराने ठरते आणि फार उशिरा वसूल होते, ही दुसरी अडचण.

व्यापाराला विरोध हा माझ्या म्हणण्याचा अर्थ नव्हे. वस्तीत किराणा, दवाखाना, शिंपी असला की फेऱ्या कमी होतात. निवासी गल्लीतील पाच दुकाने गर्दी घटवू शकतात, तर महामार्गावरचा पाच एकरांचा मॉल ती दूरवरून ओढून आणतो. दोघांचा रंग नकाशावर एकच निळा असतो. म्हणून रंगापेक्षा फेऱ्या मोजाव्यात. किती, कशाच्या, कोणत्या वेळी आणि कोणत्या रस्त्याने. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ऑरेगॉन राज्यातील टायगार्ड गावच्या एका दुकानाच्या खटल्यात असे ठरविले, की दुकान वाढविणाऱ्याकडून गावाने जागा मागावयाची तर ती त्याच्या दुकानाने टाकलेल्या भाराच्या साधारण प्रमाणात असावी, आणि ते प्रमाण गावाने दाखवून द्यावे. निकाल दुकानदाराच्या बाजूने गेला. तरी त्यातून मोजणीची शिस्त मिळते, आणि ती दोन्ही पक्षांना उपयोगी आहे.

या प्रश्नाची पुढची फेरी सुरू झालेली आहे. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाची कामे पलसाणा तालुक्यातील एना येथून जातात. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचे सुरत स्थानक शहरात नसून अंत्रोली येथे आहे, आणि साबरमती, विरार व ठाणे यांच्यासमवेत या स्थानकाच्या परिसराचे नियोजन जपानी साहाय्याने हाती घेतले गेले. या दोन जागांमधील उसाच्या शेतांना कोणता रंग मिळेल, याविषयी जमीन घेणारे कधीच निश्चिंत झाले आहेत. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की गुजरातच्या कायद्याप्रमाणे हरकती आणि सूचनांसाठी दोन महिने मिळतात. महाराष्ट्रात किरकोळ फेरबदलासाठी एकच महिना असतो. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात गुजरातीत छापली जाते, आणि लिंबायत-उधन्यापासून कडोदऱ्यापर्यंतच्या आपल्या वस्त्यांत ती वाचणारे आता घरोघर आहेत. हरकत लिहावयाची झाल्यास ती अशी लिहावी: या बदलाने रोज किती ट्रक व किती मोटारी वाढतील, त्या ज्या रस्त्याने जातील तो किती प्रमाणित आसांसाठी बांधलेला आहे, तो जाड व रुंद करण्याचा खर्च किती, आणि त्यापैकी किती रक्कम या बदलाच्या अधिमूल्यातून त्याच रस्त्यासाठी वेगळी ठेवली जाईल. अर्ज साध्या कागदावर चालतो. पोच मात्र घ्यावी.